चंद्राचा हयातीचा दाखला

कोजागिरीला आमच्या सदाशिव पेठेतल्या सोसायटीच्या गच्चीवर यंदा मसाला दुधाबरोबर दुर्बीणही होती. रांगेत पहिले अर्थातच तळमजल्यावरचे काका. पाच मिनिटं डोळा लावून उभे राहिले आणि निकाल दिला : "झेंडा दिसत नाही. म्हणजे कुणी गेलंच नव्हतं."

दुर्बीण आणणारा मुलगा ज्योतिर्विद्या परिसंस्थेत आकाश बघायला शिकलेला. ही संस्था 1944 पासून पुणेकरांना आकाश दाखवते आहे, त्यामुळे पुणेकरांच्या शंका काय असतात, हे तो जाणून होता. म्हणाला, "काका, चंद्र 3,84,400 किलोमीटरवर. अपोलोच्या यानाचा तिथे राहिलेला खालचा भाग चार-एक मीटर रुंद. आपल्याकडची हवा सारखी थरथरते. दुर्बिणीला डोळा लावून बघताना चंद्रावरचं दीड-दोन किलोमीटरहून लहान काही सहसा सुटं दिसत नाही. त्यात आज पौर्णिमा, सावल्याच नाहीत. अष्टमीला या, विवरं तरी छान दिसतील."

"मग गिरवलीची आयुकाची दुर्बीण?"

"दोन मीटरचा आरसा आहे, पण हवा हीच."

"हबल?"

"हवेच्या वर आहे, पण आरसा 2.4 मीटरचा. चंद्रावर शंभर मीटरच्या आतलं तिलाही ओळखू येत नाही. झेंडा ठिपक्याएवढा दिसायला पावणेदोनशे मीटरच्या आसपास आरसा हवा."

एवढी जागा पेठेत पार्किंगलाही उरलेली नाही. काकांनी शेवटचं अस्त्र काढलं : "खोडदला तीस तबकड्या आहेत, त्यांचं काय?"

"त्या रेडिओ लहरी ऐकतात, काका. झेंडा बोलला तर कळवतील."

मग निघाला फोटोंचा विषय. 2009 पासून चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानाने अपोलो यानांचे उरलेले भाग टिपले आहेत. आपल्या चांद्रयान-2 नेही अपोलो 11 चा भाग टिपला. काका हसले. "फोटोचं सांगू नकोस. नातवाने मला फोटोत काश्मीरला नेऊन आणलंय."

हेच काका दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीचा दाखला देतात आणि दरवर्षी घरी येऊन संतापतात : "मी समोर उभा आहे, तरी जिवंत असल्याचा कागद मागतात!" बँकेला डोळ्यांनी दिसतं ते पुरत नाही, कागद लागतो. काकांना चंद्राचे सगळे कागद मिळाले, तर डोळ्यांनी दिसायला हवं. आणि हळदीने शस्त्रक्रियेशिवाय मोतीबिंदू विरघळतो, हा मेसेज मात्र त्यांनी पुराव्याविना चार ग्रुपवर पाठवलेला.

चंद्राचा दाखला रोज मिळू शकतो. अपोलो 11, 14 आणि 15 च्या अंतराळवीरांनी तिथे लेसर परतवणारे आरसे ठेवले. पृथ्वीवरून लेसर सोडला, की सुमारे अडीच सेकंदांत उत्तर येतं. आरसे सोव्हिएत रशियाच्या, माणसाविना चालणाऱ्या चाकांच्या गाड्यांवरही होते, हे खरं. पण नासाच्या फोटोंत अंतराळवीर चालून पडलेल्या पायवाटाही आहेत, आणि चाकांनी पायवाट पडत नाही.

तेव्हा काकांनी आरसा मोठा होण्याची वाट पाहत बसू नये. चंद्र दरवर्षी 3.8 सेंटिमीटर लांब चालला आहे. हेही त्याच आरशांमुळे मोजता आलं.