संशोधन परळचं आणि पलंगावरचं

वाल्देमार हाफकिन यांची आम्हाला कीव येते. १८९६च्या ऑक्टोबरात बिचारे प्लेगवर लस शोधायला मुंबईत उतरले. ग्रँट मेडिकल कॉलेजात जेमतेम जागा, हाताशी मोजकी माणसं. जंतू वाढवायचे, उष्णतेने मारायचे, प्राण्यांना टोचायचे आणि वाट पाहत बसायचं. तीन महिने गेले त्यात! आमचे मामा असलं काम सकाळच्या चहाबरोबर पलंगावरच उरकतात. चहावर साय धरायच्या आत निष्कर्ष फॅमिली ग्रुपवर.

१० जानेवारी १८९७ला हाफकिन यांनी लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि ताप काढला. मामांची पद्धत जास्त सुरक्षित आहे. त्यांच्या काढ्याचा पहिला डोस मामींना, दुसरा 'सर्वांनी जरूर घ्यावा' म्हणून जगाला.

पुढे हाफकिन भायखळ्याच्या तुरुंगात गेले. लस घेतलेले कैदी किती आजारी पडले आणि न घेतलेले किती, हे मोजत बसले. ही न घेतलेल्यांची भानगड मामांना पटत नाही. ''काढा पिऊन लोक बरे झाले ना? मग न पिणाऱ्यांची चौकशी कशाला?'' खरंच आहे. तेही तेवढेच बरे झालेले निघाले, तर चांगला चाललेला प्रयोग नासायचा.

आपलं म्हणणं कुठे खोटं पडतंय, हे शास्त्रज्ञ आधी तपासतो. मामा गूगलवर 'काढ्याचे फायदे' एवढंच टाकतात. फायदे निघतात, ढिगाने. तोटे विचारलेच नाहीत, तर निघतील कसे? शंका काढणारा एक भाचा होता. तो आता ग्रुपवर नाही. ॲडमिन मामाच आहेत.

१८९९मध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा परळला गेली. १९०२मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने दगावली. सगळी एकाच बाटलीतून टोचलेली. ठपका हाफकिन यांच्यावर आला, पद गेलं. निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. बाटली कुठली, भरली कुणी, बूच उघडलं कुणी, सगळ्याचा हिशेब द्यावा लागला.

मामांना असला हिशेब कुणी मागत नाही. त्यांच्या प्रत्येक शोधाखाली आधीच लिहिलेलं असतं : 'फॉरवर्डेड ॲज रिसीव्ह्ड'. हाफकिन यांनी बाटलीवर एवढे तीन शब्द चिकटवले असते, तर पाच वर्षं वाचली असती.