सूर्यास्त पाहावा पूर्व किनाऱ्यावरून

मुंबईत सूर्यास्त पाहण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर जाऊन बसणे. तिथे सूर्य सरळ समोर, अरबी समुद्रात, कुणाचाही आडोसा न घेता मावळतो. खर्च शेंगदाण्याच्या पुडीचा. दुसरा मार्ग म्हणजे गेटवे ऑफ इंडियाहून खासगी यॉट भाड्याने घेणे. तिचे भाडे तासाला काही हजारांपासून सुरू होते आणि गाद्या जितक्या पांढऱ्या तितके वर चढत जाते. प्रस्तुत मार्गदर्शिका दुसऱ्या मार्गाच्या प्रवाशांसाठी आहे. पहिल्याला मार्गदर्शन लागत नाही आणि त्याचे फोटो पाहून कुणी जळतही नाही.

आधी भूगोल. गेटवे मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. सूर्य पश्चिमेला मावळतो. या दोन वाक्यांत काही अडचण जाणवत असेल तर ती आगाऊ रक्कम भरण्यापूर्वीच मनातल्या मनात मिटवून टाकावी, कारण नंतर ती धक्क्यावर कुणी ऐकून घेत नाही. बंदरातल्या पाण्यावरून तुम्ही पश्चिमेकडे तोंड करता तेव्हा तुमच्या आणि सूर्याच्या मध्ये अख्खे कुलाबा उभे असते. त्यामुळे सूर्य समुद्रात बुडत नाही, इमारतींमागे जातो. आणि इमारतींना उंची असल्याने पंचांगात दिलेल्या वेळेच्या दहा-पंधरा मिनिटे आधीच जातो. मार्चच्या सुमारास कप्तानाने बोट नीट धरली तर तो ताजमहाल हॉटेलच्या घुमटापाशी आणता येतो, आणि तेवढ्यासाठी हा सगळा खटाटोप क्षम्य आहे. डिसेंबरात मात्र सूर्य दक्षिणेकडे सरकलेला असतो. मग तो ज्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे जाईल ती टाकी ऐतिहासिक मानून घ्यावी.

वेळ ठरवताना लक्षात ठेवा, डिसेंबरच्या सुरुवातीला इथे सूर्यास्त सहाच्या आसपास होतो आणि जूनअखेर सव्वासात उलटून. जूनमधली ती लांबलेली संध्याकाळ पाहून हुरळू नये. पावसाळ्यात या बोटी बंद असतात. नारळी पौर्णिमेला कोळी बांधव नारळ अर्पण करून समुद्राची परवानगी घेतात. तुम्ही बुकिंगचा संदेश आला की निघता. फरक आहे.

आता पौर्णिमेचा विषय निघालाच आहे तर नवविवाहितांनी आणि विवाहेच्छूंनी पुढचा भाग दोनदा वाचावा. पौर्णिमेची संध्याकाळ, चंद्र, पाणी, असा बेत बहुतेकांच्या डोक्यात आपोआप येतो. समुद्राच्या डोक्यात मात्र गणित असते. कोकणातल्या कुठल्याही आजोबांना विचारा, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीच्या आठाची पाऊणपट सहा, म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेच्या पंधराची सव्वाअकरा, म्हणजे दुपारी बाराच्या आतबाहेर भरती आणि त्यानंतर सहा तासांनी, बरोबर तुमच्या बुकिंगच्या वेळेला, पूर्ण ओहोटी. तीही साधी नव्हे. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, म्हणजे पाणी जितके वर चढते तितकेच खाली उतरते, आणि मुंबई बंदरात हा फरक चार मीटरच्या घरात जातो. म्हणजे दुपारी पाण्याखाली असलेल्या पायऱ्या संध्याकाळी तुमच्यासाठी उघड्या पडलेल्या असतात, हिरव्यागार, शेवाळलेल्या, आणि त्यावरून लांब गाऊन घातलेली नववधू, तिचा गाऊन धरणारी बहीण आणि दोघींचा व्हिडिओ काढत उलटा चालणारा भाऊ असे तिघे खाली उतरत असतात. ज्यांना केवळ सुखरूप चढायचे आहे त्यांनी अष्टमी धरावी. अष्टमीला प्रणय करू नये असे कुठल्याही शास्त्रात लिहिलेले नाही.

पौर्णिमेची एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. तिकडे सूर्य कुलाब्याच्या इमारतींमागे जात असतो त्याच सुमाराला तुमच्या पाठीमागे, पूर्वेला, घारापुरी आणि उरणच्या डोंगरांमागून चंद्र वर येत असतो. मध्ये हॉटेल नाही, टाकी नाही. या बंदरातून आकाशात खरोखर काही पाहण्यासारखे असेल तर ते हे आहे, आणि बोटीवरची झाडून सगळी माणसे त्याच्याकडे पाठ करून उभी असतात. पॅकेजमध्ये चंद्राचा उल्लेख नसतो ना. वळून पाहणाऱ्याकडून जादा आकार घेतला जात नाही, एवढे नमूद करून पुढे जाऊ.

‘खासगी’ सफरीबद्दल मराठी कुटुंबात काही गैरसमज नसतात. खासगी म्हणजे आपलेच बारा जण. बोटीवर किती माणसे चढवण्याची परवानगी आहे ते आधी विचारले जाते, आणि मग त्या आकड्यापर्यंत नातेवाईक गोळा केले जातात, कारण भाडे बोटीचे असते, डोईचे नसते, आणि एक जागा रिकामी जाणे हे लग्नात एक पान वाढून ठेवून न जेवता उठण्याइतके पाप आहे. वास्तविक जोडप्याने एकटे गेले तरी एकांताची हमी नाही. गेटवेसमोरच्या पाण्यात मांडव्याच्या आणि घारापुरीच्या लाँच सतत ये-जा करतात. संध्याकाळी परतणाऱ्या लाँचमध्ये माणसे खचाखच भरलेली असतात, दिवसभर लेणी बघून कंटाळलेली असतात, आणि तुम्ही गुडघा टेकून अंगठी पुढे करता त्या क्षणी ती सगळी तुमच्या बाजूच्या कठड्याला येतात. उत्तर तुम्हाला ऐकू येण्याआधी टाळ्या पडतात. उत्तर काय आले याच्याशी टाळ्यांचा संबंध नसतो.

पोशाखाबाबत एकच सूचना पुरेशी आहे. यॉटवर चढताना बहुतेक ठिकाणी पादत्राणे काढून टोपलीत ठेवायला सांगतात. उंच टाचांचे जोडे खास या दिवसासाठी घेतले असतील तर त्यांची सफर धक्क्यापासून टोपलीपर्यंत. पुरुषांनी मोजे तपासून निघावे.

केक न्यायला हरकत नाही. मेणबत्त्या मात्र घरीच विझवून आणाव्यात. दिवसभर समुद्रावरून येणारे खारे वारे संध्याकाळी मंदावतात असे शाळेच्या भूगोलात शिकवतात आणि ते खरेही आहे, फक्त चालत्या बोटीला हे कुणी सांगितलेले नसते. पाचव्या काडीनंतर आईने ‘राहू दे, मनात पेटव’ असे म्हणेपर्यंत थांबावे. पोट डळमळणाऱ्यांनी आवळासुपारी किंवा आलेपाक जवळ ठेवावा. बंदर तसे आडोशाचे आहे, बोट चालू असताना फारसे काही होत नाही. ती फोटोसाठी थांबली आणि शेजारून एखादी लाँच लाटा सोडून गेली की मग होते. म्हणजे ज्या दहा मिनिटांसाठी पैसे दिले त्याच दहा मिनिटांत.

बोट चालवणाऱ्याला कप्तान म्हणावे. ‘ओ दादा’ म्हटले तरी तो येतो, पण कप्तान म्हटल्यावर सूर्य घुमटाशी आणण्याची तसदी जरा मनापासून घेतो. तो तुम्हाला एक गोष्ट सांगेल आणि ती तुम्ही पूर्ण ऐकून घ्यायची आहे. ताज हॉटेल चुकून उलटे बांधले गेले, पुढचे तोंड मागे झाले, आणि ते पाहून परदेशी वास्तुविशारदाने जीव दिला. हे असत्य आहे. मूळ आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा, वैद्य वारल्यावर डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी काम पुरे केले. दरवाजा सुरुवातीपासूनच शहराच्या बाजूला योजला होता, जिथे आता पोहण्याचा तलाव आहे. हॉटेल 16 डिसेंबर 1903 ला उघडले. हे सगळे तुम्हाला ठाऊक असले तरी कप्तानाला सांगू नका. एक तर त्याने ही गोष्ट हजारोंना सांगितलेली आहे, आणि दुसरे म्हणजे, आपल्या ताजच्या आराखड्यावर एका वैद्यांचे नाव आहे ही बातमी बोटीवरच्या काकांना कळली की उरलेली सफर कप्तानाच्या हातात राहत नाही.

काकांना पुरवायचे असेल तर गेटवे पुरवावा. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी डिसेंबर 1911 मध्ये इथे उतरले तेव्हा ही कमान नव्हतीच. स्वागताला पुठ्ठ्याची प्रतिकृती उभी केली होती. पायाचा दगड 31 मार्च 1913 ला बसला, जॉर्ज विटेटचा आराखडा त्याच्या पुढच्या वर्षी मंजूर झाला, आणि उद्घाटनाला 4 डिसेंबर 1924 उजाडला. पाहुणा येऊन गेल्यावर तेरा वर्षांनी दार तयार. शहरातल्या पुलांच्या दिरंगाईवर रोज संतापणाऱ्यांनी ही परंपरा किती जुनी आहे ते बोटीतून शांतपणे पाहावे. यानंतर काका 28 फेब्रुवारी 1948 ची शेवटची इंग्रज पलटण याच दारातून कशी गेली ते सांगतील आणि ‘यायला बांधलं, जायला वापरलं’ हे वाक्य टाकतील. टाकू द्यावे. हे वाक्य प्रत्येक बोटीवर कुणी तरी म्हणतेच, तेवढा वेळ भाड्यात धरलेला असतो. त्यांना दक्षिणेकडे हात करून खांदेरी दाखवायची असेल, 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे तटबंदी घातली आणि इंग्रज-सिद्दी दोघांनाही जुमानले नाही हे सांगायचे असेल, तर मात्र सगळ्यांनी ऐकावे. खांदेरी इथून दिसते की नाही हा प्रश्न विचारू नये.

उत्तरेच्या नौदल गोदीकडे आणि नौदलाच्याच मिडल ग्राउंड बेटाकडे कॅमेरा वळवू नये. युद्धनौका सुंदर दिसते, ती डोळ्यांनी पाहावी. ड्रोन आणलेल्या छायाचित्रकाराला तो पिशवीतून बाहेर काढण्यापूर्वीच चहा पाजून बसवून ठेवावे. दक्षिणेकडे गेलात तर ससून डॉक लागेल. 1875 मध्ये बांधलेले हे डॉक मुंबईला मासळी पुरवते आणि वारा तुमच्या बाजूचा असेल तर ते तुम्हाला आपोआप कळेल. पॅकेजमधला सुगंधी मेणबत्त्यांचा पर्याय घेतलेल्यांनी या ठिकाणी परताव्याचा आग्रह धरू नये. आणि हो, एका तासाच्या सफरीत कुलाब्याच्या टोकाला, प्राँग्जच्या दीपगृहाला वळसा घालून मरीन ड्राइव्ह दाखवा असे म्हणू नका. एवढ्या वेळात ते होत नाही, आणि कप्तान ‘पुढच्या वेळी’ असे म्हणतो तो केवळ सौजन्याने.

लाइफ जॅकेटबद्दल मात्र गंमत नाही. फोटोत ते केशरी दिसते, साडीवर शोभत नाही, सगळे मान्य. याच पाण्यात 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. 18 डिसेंबर 2024 ला घारापुरीकडे जाणाऱ्या ‘नीलकमल’वर नौदलाची वेगवान बोट आदळली, तेव्हा दुपार होती, हवा स्वच्छ होती, गेटवे फार लांब नव्हता. चढल्या चढल्या जॅकेट घालावे, पट्टे आवळावेत, मुलांचे आधी. मापाचे नसेल तर दुसरे मागून घ्यावे आणि ते मिळेपर्यंत बोट सोडू देऊ नये.

तास कुठून कुठपर्यंत मोजला जातो ते आधीच विचारून ठेवा. यॉट पुष्कळदा धक्क्यापासून लांब नांगरलेली असते, तिथपर्यंत छोट्या होडीतून जावे लागते, आणि त्या होडीची वाट पाहण्यात गेलेली मिनिटे तुमची की त्यांची यावर धक्क्यावर रोज चर्चा होते. उतरताना खलाशाच्या हातात काही ठेवावे. नववधूचा गाऊन पाण्यात पडला नाही तो त्याच्यामुळे. बहीण केव्हाच फोटो बघण्यात गुंतली होती.

घरी पोचल्यावर फोटो टाकाल. खाली पहिली प्रतिक्रिया ‘वॉव’, दुसरी ‘सुरेख’, आणि तिसरी ‘किती पडले?’ इथे एकूण भाडे सांगू नये, डोई किती ते सांगावे. भागाकार करताना बोटीवर चढलेले बारा तर धरावेतच, शिवाय पायऱ्यांचे शेवाळ पाहून ‘तुम्ही जा, मी इथे पिशव्या सांभाळते’ म्हणून धक्क्यावरच बसलेल्या आत्याही धराव्यात.