कुर्डूवाडीपलीकडची विलायत

(1941 सालचा उन्हाळा. निजामाच्या मुलखातील लातूर गाव, अडतपेठेच्या मागल्या अंगास असलेल्या एका वाड्याची ओसरी. पुण्याच्या कॉलेजात पहिले वर्ष काढून सुट्टीसाठी आलेला एक विद्यार्थी. आणि मूळचे नांदेडचे, तहसील कचेरीत मिसली चाळता चाळता केस पिकलेले एक पेशकार. पेशकार आपण सहज आल्याचे सांगतात. परंतु सदऱ्याच्या खिशात घडी केलेला कागद घेऊन कोणी सहज येत नसते.)

पेशकार : चिरंजीव, तुमच्याविरुद्ध एक तक्रार गुदरली आहे. नांदेडच्या ज्या घरी तुझ्या सोयरिकीची बोलणी चालू आहेत, त्या घरी तू गेलास, यजमानांनी रिवाजाप्रमाणे ‘चहा घेणार ना?’ म्हणून पुसले, आणि तू नीट मांडी घालून बसलाही नव्हतास तोच ‘हो, घेईन’ असे उत्तर दिलेस. खरे की खोटे?

विद्यार्थी : खरे आहे काका.

पेशकार : आणि शिरा?

विद्यार्थी : तोही पहिल्या खेपेसच घेतला. चांगला झाला होता, म्हणून पुन्हा मागितला.

पेशकार : (कागदावर टिपत) कबुलीजबाब. माजघरात ‘पोरगा हावरा दिसायलाय’ असा बोभाटा झाला आहे. आता याची कैफियत दे.

विद्यार्थी : कैफियत सरहद्दीपासून सुरू होते. बार्शी लाइट रेल्वेच्या त्या अडीच फुटी रुळांवरून कुर्डूवाडीकडे डुलत डुलत मी प्रथम निघालो, तेव्हा करोडगिरीच्या नाकेदाराने माझी ट्रंक उपसली, गादीत हात घालून पाहिले, आईने दिलेल्या तुपाच्या डब्याचे झाकण काढून वास घेतला आणि शेकडा पाचाच्या हिशेबाने महसूल लावला. परंतु जी चीज पुढे मला जन्माची नडली, ती त्याच्या नजरेस पडलीच नाही.

पेशकार : (सावध होत) जप्तीलायक होती काय?

विद्यार्थी : तकल्लुफ.

पेशकार : तो तर आपल्याकडचा खानदानी ऐवज!

विद्यार्थी : तिकडे तो चलनात नाही. सदाशिव पेठेत वडिलांच्या एका स्नेह्यांकडे ओळखीची चिठ्ठी घेऊन गेलो. सकाळपासून पोटात काही नव्हते. आतून बाई आल्या, हातात चिवड्याची बशी होती, त्यावर खोबऱ्याचे काप तळून टाकलेले मला स्पष्ट दिसत होते. म्हणाल्या, ‘घेणार का थोडं?’ मी आपल्या वळणाप्रमाणे, नजर खाली घालून, ‘नको, आताच जेवून निघालो’ असे म्हटले. त्या ‘बरं’ म्हणाल्या, आणि बशी आत गेली.

पेशकार : पुन्हा आली असेल.

विद्यार्थी : तिची वाट पाहत मी दिवेलागणीपर्यंत बसलो. शेवटी यजमानांनी छत्री काढून माझ्या हातात दिली. छत्री माझी नव्हती, हेही मला सांगवेना.

पेशकार : हे क्रौर्य आहे!

विद्यार्थी : छे, माणसे सज्जन आहेत. एकदा ‘नको’ म्हणणाऱ्यास पुन्हा विचारणे म्हणजे त्याच्या सत्यनिष्ठेवर संशय घेणे, असा त्यांचा समज आहे. आपल्याकडे पहिला नकार केवळ दस्तुराचा, दुसरा लाजेचा, आणि तिसऱ्या नकारालाही न जुमानता ताट पुढे सरकवले जाते. तिकडे पहिल्याच नकारावर निकाल लागतो, वर अपील नाही. तेव्हा उपासमारीने शहाणा होऊन मी पहिल्या प्रश्नास ‘हो’ म्हणावयास शिकलो.

पेशकार : आमच्या नांदेडास सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरात पाहा. पंगतीत बसला की वाढतात. हो नाही, नको नाही, प्रश्नच नाही. ते राहू दे. इतर बाबतींत मुलूख कसा आहे?

विद्यार्थी : परकाच म्हणा. बाबा घरून आपल्या निजामी हाली नाण्यांत पस्तीस रुपये धाडतात, ते सातास सहा या दराने इंग्रजी कलदार होऊन माझ्या हाती तीस पडतात. पाच रुपये वाटेतच झिजतात. एकदा त्यांनी आपल्या सरकारचे तिकीट लावून पत्र टाकले, तर मला बैरंगाचे दाम मोजावे लागले. वर तारीख बहमन 1350. खाणावळवाल्याने ती वाचली आणि हे पत्र पाचशे नव्वद वर्षे टपालात होते काय, म्हणून पुसले.

पेशकार : आपल्या सरकारचा फसली सन ठाऊक नाही? अडाणी मुलूख.

विद्यार्थी : आणि पहिल्या आठवड्यात शुक्रवारी मी सुट्टी समजून निजून राहिलो, रविवारी अंघोळ करून, टोपी घालून कॉलेजच्या दाराशी हजर झालो. शिपायाला माझी कणव आली.

पेशकार : इतके हाल, तर हैदराबादेस उस्मानियात का गेला नाहीस? 1918 सालापासून तेथे सारी विद्या उर्दूतून मिळते, शुक्रवारची सुट्टी मिळते, आणि तकल्लुफ तर विचारू नकोस.

विद्यार्थी : 1938 साली तेथल्या वसतिगृहात मुलांनी वंदे मातरम् म्हटले, तेव्हा...

पेशकार : (ओसरीवरून रस्त्याकडे पाहत) हळू. मला सारे ठाऊक आहे, म्हणजे सरकारी दृष्ट्या काहीच ठाऊक नाही. नावे कमी झालेल्या मुलांना नागपूरच्या विद्यापीठाने दाखल करून घेतले, हेही मी ऐकलेले नाही. (कागद सरळ करून) निकाल लिहितो. ‘सदरहू इसमास परमुलखात राहिल्यामुळे भुकेच्या अंमलाखाली सत्य बोलण्याची सवय जडली, सबब खोड मुद्दाम केलेली दिसत नाही. इसमाने पुनश्च नांदेडास हजर होऊन तीन वेळा नकार द्यावा, चौथ्यास अर्धा कप घ्यावा, व शिऱ्याकडे पाहू नये.’

विद्यार्थी : मान्य. पण काका, त्यांचा धाकटा मुलगा यंदा पुण्यासच होता ना?

पेशकार : होता. सुट्टीत घरी आला आहे. का?

विद्यार्थी : त्याने घरच्यांना तिकडची रीत शिकवली असली, तर माझ्या पहिल्याच नकारावर कप आत जाईल.

पेशकार : (बराच वेळ विचार करून, कागदाच्या समासात ओळ वाढवीत) ‘इसमाने सोबत धपाटे बांधून न्यावेत, नांदेडास मोटारीतून उतरताच नदीकाठी बसून खाऊन घ्यावेत, आणि मग हवे तितके नकार द्यावेत.’ घे, येथे सही कर. तारीख फसली घाल.