सासूपण गाळलं!

"काकू, शेवग्याच्या शेंगा घ्या. आणि थांबा जरा, साताऱ्याचा भाचा आलाय आमचा."

"कॉम्प्युटरवाला? लग्न ठरलं?"

"कुठलं! दुसऱ्यांचीच नाती जोडत बसलाय. २०१९च्या पुरात आपल्या सांगलीत आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं ना? धोक्याची पातळी ४५ची! तेव्हा कुणाच्या म्हाताऱ्यांसाठी कुणाला फोन करायचा, कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून इथली एक संस्था घरोघरची यादी करतीय. सिव्हीसीआरएम म्हणून सॉफ्टवेअर आहे, संस्थांसाठीच केलेलं, फुकट मिळतं."

"नाती कोण भरणार त्यात?"

"त्यानं हुक लावलाय की! नोंद सेव्ह झाली रे झाली, की त्याचा कोड चालतो. नवऱ्याची आई कोण ते बघतो आणि सासू-सून जोडून मोकळा. नातं एकदाच लिहायचं. सासूचं पान उघडा नाहीतर सुनेचं, दोन्हीकडं दिसतं."

"मग अडलं कुठं?"

"तुमच्या घरात! सून तुमची भावाचीच लेक. कोडनं बघितलं, दोघींत आत्या-भाचीचं नातं आधीच आहे, मग दुसरं कशाला? सासूपण गाळलं!"

"सुनेला सांगू नका हं, पेढे वाटेल."

"मी झापलं त्याला. साताऱ्याचा असून मामाची मुलगी करतात हे ठाऊक नाही? इरावती कर्व्यांनी १९५३च्या पुस्तकात लिहून ठेवलंय. आता कोड माणसांबरोबर नात्याचा प्रकारही बघतो. त्याआधी तर वेगळीच तऱ्हा. नातं सेव्ह झालं की हुक पुन्हा जागा, तो पुन्हा नातं जोडणार, पुन्हा जागा! रात्रभर मशीन धापा टाकत होतं."

"आणि काडीमोड झालेल्यांचं?"

"पुसत नाहीत. संपल्याची तारीख टाकतात."

"कोपऱ्यावरच्या घरात टाकली का?"

"हळू! खिडकी उघडी आहे त्यांची. पण काकू, नातं असलं म्हणून फोन उचलतील असं थोडंच आहे? सख्खे भाऊ बांधावरून बोलत नाहीत. हे हुकाला काय कळणार? म्हणून 'बोलणं आहे का' असा रकाना ठेवायला लावलाय मी. तो हातानंच भरायचा."

"कोण भरणार?"

"मीच. गल्लीचं मला सगळं माहीत म्हणे. तर काकू, तुमच्या धाकट्या दिरांशी सध्या बोलणं आहे की नाही?"

"शेंगा परत घ्या तुमच्या!"