साडेतीन पायऱ्यांचे मालक

नानांशी ओळख झाली की तिसऱ्या वाक्यात वाडा येतो. पहिलं वाक्य 'या, बसा', दुसरं 'चहा घेणार ना?', आणि तिसरं, 'आमच्या वाड्यात चहाचं आधण ठेवलं की अख्ख्या तिवंधा चौकाला कळायचं.' नाना राहतात गंगापूर रोडला, सातव्या मजल्यावर, दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये. पण दारावरच्या पाटीवर नावाखाली 'मूळ वाडा : जुने नाशिक' असं कोरलंय. कुरिअरवाला दोनदा पार्सल घेऊन भद्रकालीत फिरून आला.

असे नाना नाशकात पुष्कळ. पणजोबांनी वाडा बांधला, आजोबांनी गहाण टाकला, वडिलांनी भाडेकरू भरले आणि यांच्या वाट्याला अभिमान आला. आमच्या नानांचा कायदेशीर हिस्सा एक अठ्ठेचाळीसांश. त्याचं गणित त्यांनी मांडून ठेवलंय : ओसरीचा अर्धा खण, जिन्याच्या साडेतीन पायऱ्या आणि विहिरीतलं होळीपर्यंतचं पाणी. सव्वीस रुपये भाडं देणारा भाडेकरू मात्र पूर्ण तीन खण वापरतो. नाना त्याला 'आमची रयत' म्हणतात. रयत नानांना ओळखत नाही.

वाडा समजावून सांगायला लागले मात्र, की नानांसारखा माणूस नाही. जोतं काळ्या पाषाणाचं, त्यावर सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा. सगळा भार त्या लाकडावर, भिंत नुसती भरायची. 'भिंत पडली तरी वाडा पडत नाही,' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. खांब सुरूच्या झाडाच्या घाटाचे, वर कडीपाट. दिंडी दरवाजा मुद्दाम बुटका, म्हणजे येणाऱ्याची मान आपोआप लवते. देवडीतून एकदम आतलं दिसत नाही. आधी चौक, मग ओसरी, मग माजघर. पाहुण्याचं नातं जितकं जवळचं तितका तो आत. चौकातून ऊन, वारा आणि पाऊस तिन्ही घरात येतात. पाऊस हल्ली कडीपाटातूनही येतो, पण ते नाना सांगत नाहीत.

सरकारवाड्याचा विषय त्यांच्यापुढे काढू नये. 'तो पेशव्यांचा, म्हणून त्याला पुरातत्त्व खातं मिळालं. आम्हाला वारस मिळाले.' चांदवडच्या होळकरांच्या रंगमहालाला ते मानतात. बाहेरून किल्ल्यासारखी तटबंदी, आत चौक आणि रंगवलेला दिवाणखाना. 'दरारा रस्त्याकडे, नजाकत आतल्या अंगाला. याला म्हणतात बांधणी!'

गेल्या वर्षी मुलीनं नानांना फ्रान्सला नेलं. 'शातो' बघायचा आहे म्हटल्यावर नाना आधी बिथरलेच. दिंडोरीकडे एका वायनरीच्या नावात 'शातो' आहे, त्यामुळे शातो म्हणजे दारूची भट्टी अशी त्यांची पक्की समजूत. शातो म्हणजे तिकडच्या सरदार-दरकदारांचा गावाकडचा वाडा, हे कळल्यावर मात्र ते सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसले.

लुआर नदीच्या खोऱ्यातला शांबोर. पहिल्या फ्रान्स्वा राजानं १५१९ साली बांधायला घेतला. खोल्या चारशेच्या वर, शेकोट्या २८२. चार कोपऱ्यांना किल्ल्याचे बुरूज, पण लढाईसाठी नव्हेत. तोफांचा जमाना आला होता, बुरुजांचा धाक संपला होता, उरला होता रुबाब. नानांनी एवढंच म्हटलं, 'चांदवड.'

मधोमध तो प्रसिद्ध जिना. दोन जिने एकमेकांभोवती पिळलेले. एकावरून चढणारा आणि दुसऱ्यावरून उतरणारा एकमेकांना झरोक्यातून दिसतात, पण समोरासमोर येत नाहीत. त्यामागे लिओनार्दोची कल्पना असावी, असं म्हणतात. नाना तिथे दहा मिनिटं स्तब्ध उभे होते. मग म्हणाले, 'हा जिना आमच्याकडे असता तर आई आणि थोरली काकू यांचं एकोणिसशे बासष्टचं भांडण झालंच नसतं.'

राजा स्वतः तिथे किती राहिला? बत्तीस वर्षांच्या कारकिर्दीत मिळून सत्तर-बहात्तर दिवस. सामानसुद्धा येताना बरोबर आणायचा आणि जाताना घेऊन जायचा. 'बांधायचं कशाला मग?' असं नाना तावातावानं आम्हालाच विचारत होते. नाना स्वतः वाड्यात शेवटचे झोपले त्याला अडतीस वर्षं झाली, ही आठवण वहिनींनी आतून करून दिली.

पण नाना खरे खुलले ते पुढच्या इतिहासानं. १८२१ साली लोकांनी वर्गणी काढून शांबोर एका तान्ह्या राजपुत्राला भेट दिला. तो मोठा होऊन निपुत्रिक वारला. वाडा भाच्यांकडे गेला. त्यातला एक भाचा पार्माचा ड्यूक. त्याला दोन बायकांपासून मिळून चोवीस मुलं! मग सावत्र भावांत कज्जा. त्यात पहिलं महायुद्ध लागलं. एक भाऊ ऑस्ट्रियाच्या फौजेत, दोघे बेल्जियमच्या. फ्रान्सनं मालमत्ता जप्त केली, तरी भावांची कोर्टबाजी चालूच. शेवटी १९३० मध्ये सरकारनंच शांबोर विकत घेतला.

'म्हणजे सरकारवाडाच झाला की!' नाना टाळी देत म्हणाले. एवढा मोठा वाडा, पण भाऊबंदकी आपल्याच मापाची, याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर आठवडाभर होता. परत आल्यावर त्यांनी वारसांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव बदलून 'शातो तिवंधा' ठेवलं. एकतीस सदस्य, त्यातले नऊ अमेरिकेत, दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही.

यंदा पावसानं झोडपलं. गोदावरीचं पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला लागलं त्या रात्री वाड्याची उत्तरेची भिंत बसली. सुदैवानं त्या बाजूला कोणी नव्हतं. सकाळी नाना छत्री घेऊन पोचले. 'धोकादायक इमारत' अशी नोटीस दारावर चिकटवलेली होती. नानांनी मान लववून दिंडी दरवाजा ओलांडला, चौकात उभे राहिले आणि ढिगाऱ्यामागे सरळ उभ्या असलेल्या खांबांवरून हात फिरवला. मी बरोबर होतो. ते काही बोलले नाहीत, ठरलेलं वाक्यसुद्धा नाही.

मग त्यांनी फोटो काढून ग्रुपवर टाकला : 'दुरुस्तीला प्रत्येकाची सही आणि हिश्शाप्रमाणे पैसे हवेत.' संध्याकाळपर्यंत सव्वीस अंगठे आले. एकही कागदावर नव्हता.