कंपाउंडरकाकांचा चष्मा

कंपाउंडरकाकांच्या चष्म्याची उजवी दांडी मी आजवर धड पाहिलेली नाही. कधी तिला दोरा गुंडाळलेला असतो, कधी जखमेवर लावायची चिकटपट्टी, एका दिवाळीत तर चक्क टाचणी होती. माणूस गबाळा म्हणावा तर तसंही नाही. सदरा रोज इस्त्रीचा, नखं कापलेली, हाताला साबणाचा वास. चष्म्याची ही दशा धंद्यापायी झालेली आहे, आणि तो धंदा सोडूनही त्यांना वीसेक वर्षं झाली.

मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही. आमच्या भागात एका अंगाला तंबोऱ्याचे भोपळे रचलेले दिसतात आणि दुसऱ्या अंगाला दवाखान्यांच्या पाट्या. तरी रात्री कुणाचं पोर तापानं फणफणलं की लोक आधी आमच्या तळमजल्यावरचं काकांचं दार वाजवतात. काकांनी एका बालरोगतज्ज्ञांकडे उमेदीची सारी वर्षं घालवली. पुड्या बांधल्या, तांबडं मिक्श्चर ढवळलं, बाटलीवर डोसाच्या खाचांची कागदी पट्टी चिकटवली. पण त्याबद्दल विचारलं तर म्हणतात, "त्यात काय, डॉक्टर लिहायचे, मी पाणी घालायचो." त्यांचं खरं राज्य होतं बाहेरच्या बाकड्यावर. आत डॉक्टर एक, बाहेर पोरं तीस. नंबर लावलेले असत, पण नंबर मोडायचा हक्क फक्त काकांचा.

"गळा काढून रडणारं पोर बसू दे की निवांत. रडायला ताकद लागते. जे आईच्या खांद्यावर ओल्या फडक्यासारखं पडलंय, कुणाकडं बघत नाही, ते आधी आत." या एका न्यायापायी त्यांनी जन्मभर रडक्या पोरांच्या आयांच्या शिव्या खाल्ल्या. त्यामुळे आता त्यांना काहीच लागत नाही. बोललेलं तर नाहीच नाही.

काका आले की प्रथम थर्मामीटर पुढे करणाऱ्या बापाला हातानंच बाजूला सारतात. हात धुतात, एकमेकांवर चोळून ऊन करतात. थंड हाताला सगळी दुनिया तापलेली लागते, म्हणतात. मग पोराच्या पोटाला, पाठीला हात लावतात. आणि मग चष्मा काढून पोराच्या नाकासमोर धरतात. ही झाली तपासणी. पोरानं झडप घातली, दांडी पिरगाळली, काच तोंडात घातली, की काका प्रसन्न. "एकशेदोन असू दे नाहीतर एकशेतीन. पोर चष्मा खातंय. त्याला पाणी पाजा, वरची ती तीन दुपटी काढा आणि तुम्ही झोपा." पण पोरानं नुसतं बघून मान फिरवली तर काका काही बोलत नाहीत. उठतात आणि एकच शब्द उच्चारतात. "रिक्षा."

चष्म्याला एक अपवाद आहे. ताप तीन दिवसांवर गेला की चष्मा नाकावरच राहतो. पोर नाचत असलं तरी डॉक्टर.

पोराची परीक्षा मिनिटभराची, बापाची अर्ध्या तासाची. वरच्या मजल्यावरचे बँकवाले कोटीची कर्जं मंजूर करतात, पण "शेवटची शू कधी केली?" या प्रश्नाला त्यांनी बायकोकडं पाहिलं. "तिच्याकडं काय बघताय? सात-आठ तास लंगोट कोरडा आहे आणि तुम्ही मला पॉइंट चार सांगताय?" मग औषधाचा तास. "किती दिलं?" "एक झाकण." "कुठल्या बाटलीतलं?" इथं भलेभले आडवे होतात. पॅरासिटामॉलचं सिरप आपल्याकडे पाच मिलीत १२० मिलिग्रॅमचंही मिळतं आणि २५०चंही. दोन्ही बाटल्या जुळ्या बहिणींसारख्या दिसतात, आणि झाकण तेवढंच. "वजन किती पोराचं? मोटारसायकलचा ॲव्हरेज तेवढा पाठ आहे." किलोला पंधरा मिलिग्रॅम धरून ते बापाकडून मध्यरात्री हिशेब करून घेतात. दहा किलोच्या पोराला दीडशे, म्हणजे २५०च्या बाटलीतलं तीन मिली आणि १२०च्या बाटलीतलं सव्वासहा. पुन्हा द्यायचं ते चार ते सहा तासांनी, आणि तेही पोर बेजार असेल तर. "आकडा उतरवायला औषध देऊ नका. आकड्याला काय दुखतंय?"

श्वास मोजायचं काम मात्र देवपूजेसारखं. सदरा वर, सेकंदकाट्याचं घड्याळ हातात, पूर्ण मिनिट. दोन महिन्यांवरच्या, वर्षाच्या आतल्या बाळाला पन्नास, पाच वर्षांपर्यंत चाळीस. तिथवर गेला किंवा बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला की रिक्षा. आमच्या सासूबाई बत्तिसाव्या श्वासाला "चहा टाकू का?" म्हणाल्या. काकांनी त्यांच्याकडं असं पाहिलं की त्यांचाच श्वास अडकला. मग पुन्हा एकपासून.

आज्यांशी मात्र त्यांचं वैर नाही. तळपायाला कांदा चोळा, मीठमोहरी ओवाळा, कोमट पाण्याचं फडकं फिरवा, त्यांची ना नाही. "दृष्ट काढा की. पण रिक्षा येईपर्यंतच." एकदा मागच्या बोळात दीड वर्षाच्या पोराला तापात आकडी आली. कुणी दातांत चमचा घालतंय, कुणी नाकाला जोडा लावतंय. काकांनी चमचा काढून घेतला, पोराला कुशीवर वळवलं आणि घड्याळ बघत बसले. लोकांना वाटलं, म्हातारा दगड आहे. दोन मिनिटांत आकडी थांबली. "अशी बहुतेक आपली आपण थांबते. पाच मिनिटं झाली असती तर मी पळालो असतो," असं सांगून त्यांनी पोराला दवाखान्यात पाठवलं आणि उंबऱ्यावर मटकन खाली बसले. पाणी दिलं तर पेला वाजत होता.

आणखी एका ठिकाणी काका चष्मा काढत नाहीत, आणि तिथं तर आतही येत नाहीत. "किती दिवसांचं?" "चाळीस." "ताप?" "एकशे एक." उंबऱ्यावरूनच उलटे फिरतात आणि स्वतः कोपऱ्यावरून रिक्षा आणतात. तीन महिन्यांच्या आतलं बाळ आणि १००.४ किंवा वर, तिथं ना त्यांचा प्रश्न, ना हिशेब, ना थट्टा. एवढुसं बाळ आजारात उलट थंडही पडतं, दूध सोडतं, आणि बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. "तिथं माझं शिक्षण संपतं," म्हणतात.

काकांचं चुकतही असे. माझ्या भाच्याला त्यांनी रात्री दोन वाजता दवाखान्यात धाडलं. डॉक्टर म्हणाले, याला काही झालेलं नाही, याला नुसती झोप आली आहे. मी तणतणत परत आलो. काका जिन्यात उभेच होते. "झोपच होती? मग बरंच झालं की!" आणि पाच रुपयांची लॉटरी लागल्यासारखे हसले. त्यांचं चुकायचं ते नेहमी त्याच एका बाजूला चुकायचं.

गेल्या श्रावणात आमच्या चिमीला ताप आला. गल्लीत डेंग्यूचे दोन पेशंट होते, म्हणून काकांनी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे पिटाळलं. रक्त तपासलं, डेंग्यूच निघाला. चौथ्या दिवशी सकाळी ताप साफ उतरला. सासूबाईंनी देवापुढं साखर ठेवली, मी दाढी केली, ऑफिसचा डबा भरायला सांगितला. तेवढ्यात काका जिना चढून आले. न बोलावता.

"ताप गेला, काका."

"म्हणून तर आलो."

डेंग्यूचा ताप असतो तोवर साधा असतो, खरा दगा तो उतरल्यावर, पुढच्या दिवस-दोन दिवसांत, असं ते चपला काढता काढता सांगत होते. पोट दुखणं, उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार. मला सगळा अपशकुन वाटत होता. त्यांनी चिमीच्या तळव्यांना हात लावला, चष्मा काढला. एरवी या चष्म्यासाठी खिडकीवर चढणारी पोर. तिनं पाहिलं आणि डोळे मिटले.

डबा तसाच ओट्यावर राहिला.

दोन रात्री सलाइन लागलं. घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी ती मऊ भाताचे घास स्वतः घेत होती, म्हणजे निम्मे कपाळाला लावत होती. संध्याकाळी काका आले, समोर बसले, हात चोळले. त्यांनी काही विचारायच्या आत ती त्यांच्या अंगावर गेली. कटकन आवाज झाला. या खेपेला दोन्ही दांड्या.

काका उठले. "आता मी निघतो," म्हणाले, आणि भिंत चाचपत दाराकडे निघाले. जिन्यात काळोख झाला होता.

"काका, दिवा लावू का?"

"लावा की," खालून आवाज आला. "पण आधी तिच्या तोंडातला स्क्रू काढा."