फवारा मारा, मग बघू

गच्चीवर बाग करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर कोणी टोमॅटोच्या रोपाचं पिवळं पान टाकलं, की पाच मिनिटांत उपचारांचा पाऊस पडतो. जीवामृत मारा. पंचगव्य मारा. ताक मारा, पण ते तांब्याच्या भांड्यात ठेवलेलंच हवं. एक काका केळीच्या सालींचं पाणी सुचवतात. त्यांच्याकडे ते प्रत्येक दुखण्यावर असतं. ‘ताई, पिवळी पानं वरची आहेत की खालची?’ असं विचारणाराही एखादा असतो. तो खतकंपन्यांचा माणूस असल्याचं गटात केव्हाच ठरलेलं आहे.

वास्तविक प्रश्न एवढाच असतो. खालची जुनी पानं सरसकट पिवळी पडली तर नत्र कमी. त्याच पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तर मॅग्नेशियम. हेच चित्र शेंड्याच्या कोवळ्या पानांत दिसलं तर लोह. पान खालून जांभळं झालं तर स्फुरद, आणि तेही पुष्कळदा थंडीमुळे. गारठ्यात मुळांना स्फुरद उचलता येत नाही; ऊब वाढली की रोप आपलं आपण सावरतं. पण तोवर काहीतरी फवारून झालेलं असतं आणि गटात बाटलीचा सत्कार सुरू असतो.

नत्राचं दुखणं सगळ्यात जास्त, कारण आपण रोपं कोकोपीटमध्ये लावतो. कोकोपीट पाणी छान धरतं, पण त्यात अन्न जवळजवळ नसतंच. बियातल्या साठ्यावर रोप दोन-चार पानं काढतं आणि मग पिवळं पडतं. त्यावर वरून अर्क शिंपडणं म्हणजे भुकेल्या पोराच्या अंगाला तूप चोळणं. पान वरून घेत नाही असं नाही, पण घेतं ते घोटभर. लोह, जस्त असली चिमटीत मावणारी गरज त्या घोटात भागते. नत्राची भूक मोठी. ती भागवायला कुंडीत मूठभर चाळलेलं गांडूळखत घालावं लागतं. पण त्यात फवाऱ्याचा सोहळा नाही आणि रीलही चांगली होत नाही.

आता गोमूत्राविषयी. गटात युरियाचं नाव काढणं म्हणजे पंगतीत अंडं फोडणं. त्याच गटात गोमूत्राला मात्र उभं राहून नमस्कार. गोमूत्रातलं नत्र मुख्यतः युरियाच्याच रूपात असतं, ही बातमी तिथे अजून पोचलेली नाही. व्होलर नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८२८ साली प्रयोगशाळेत युरिया बनवला. गाय तर परवाना न काढता आधीपासूनच बनवत होती. म्हणून तर पाणी न घालता गोमूत्र फवारलं की कोवळ्या पानांच्या कडा जळतात. मग जळक्या कडांचा नवा फोटो येतो, ‘करपा’ असं निदान होतं आणि औषध म्हणून पुन्हा फवारणी.

विकतच्या बाटल्यांची कथा आणखी रंगतदार. समुद्रशेवाळ, ह्युमिक वगैरे जैव-उत्तेजकं केंद्र सरकारने १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखाली आणली ती २०२१ मध्ये. त्याआधी बाटलीत काय भरायचं हा प्रश्न बराचसा बाटली भरणाऱ्याच्या सद्सद्विवेकावर सोडलेला होता. लेबलावरची गाय अजूनही लांबून ओळखू येते. नत्र किती, लोह किती हे वाचायला भिंग लागतं.

फवारणी कुचकामी नाही. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही, तिथे हिराकसाची पातळ फवारणी शेंड्याला खरोखर हिरवं करते. पण हिराकसाला ना सुगंध ना परंपरा. शिवाय तो स्वस्त. गटात त्याला कोण विचारतो?

तेव्हा मारायचंच असेल तर पातळ करून, सकाळी लवकर आणि आधी एकाच रोपावर मारा. त्याआधी कुंडी उचलून तळाचं भोक बघा. माती सदा चिंब राहिली की मुळं गुदमरतात आणि पान तेव्हाही पिवळंच पडतं. भोक बुजलेलं असेल तर काडी घालून मोकळं करा, आणि वरची माती कोरडी होईपर्यंत पाणी बंद ठेवा.